जळल्यात ये

आगीपासनं पळणं सोपं वाटतंय न्हवं? आमच्या आक्काला विचारा.

खानापूरकडं डोंगराला लागून आमची काजूची बाग हाय. उन्हाळ्यात डोंगर पेटला की आग खाली बागेत उतरती, म्हणून बागेच्या कडेनं वाळल्या गवताचा एक पट्टा आम्ही आधीच जाळून ठेवतो. यंदा थोरली बहीण मदतीला आलती. निम्मा पट्टा जळला आणि वारा फिरला. ज्वाळा आक्काकडं वळल्या, तशी ती वर उंच गवतात पळत सुटली. आग चढाला माणसापेक्षा जोरात पळती.

जळून काळ्या झालेल्या पट्ट्यात उभा राहून मी वरडलो, "आक्का, माघारी ये! जळल्यात ये!"

"भाजून मारतोस व्हय रं मला?"

"इथं जळायला काय उरलं न्हाय गं! ये!"

ती थबकली. मग पदर आवळून, आग जिथं घोट्याएवढी हुती तिथनं उडी मारून माझ्यापाशी आली. ती मघाशी उभी हुती ते गवत भडकलं आणि आग वर कातळाला जाऊन विझली.

पदरावरची राख झटकत आक्का म्हणाली, "मला वाटलं, तुझं डोकं फिरलंय."

"मग आलीस कशी?"

"तू रडत हुतास न्हवं."