चार भाकरी, चार गोळ्या

आमच्या मुडबीच्या गुरप्पाअण्णाइतका शहाणा माणूस मी दुसरा बघितला न्हाई, अन् बघायचाबी न्हाई. तीन दिवस पोट साफ न्हाई म्हणून त्यानं जुलाबाच्या गोळ्या आणल्या. मेडिकलवाल्यानं पुडीवर लिहूनबी दिलं, ‘झोपताना एकच, भरपूर पाण्यासंगं.’

अण्णा म्हणाला, “एक गोळी दोन पोळ्या खाणाऱ्याला. मी चार भाकरी खातो, मला चार लागतात.”

मी म्हणालो, “अण्णा, उद्या लेकासाठी पोरगी बघायला जायचंय.”

“तू गप्प बस. तुला काय कळतंय?”

सकाळी खजुरीला पोरीच्या घरी बसलो. पोरगी आली. लेक राहिला बाजूला, अण्णानंच मिशीवर हात फिरवून विचारलं, “किती शिकलीस गं?”

तिनं तोंड उघडायच्या आत अण्णा तांब्या घेऊन रानाकडं पळाला. परत आला, तेच विचारलं, परत पळाला. असं चारदा. शेवटी भिंतीला टेकून बसला, तोंड पांढरंफटक. तेवढ्यात खिशातली पुडी खाली पडली.

पोरीनं मीठ-साखरेचं पाणी त्याच्या हातात दिलं, पुडी उचलली, बघितली.

“सातवी शिकले, मामा. ह्याच्यावरचं ‘एकच’ वाचता येतंय मला.”