उणे अठराचा सराव

— नाही हो मॅडम, तो आठवडा नकोच, फेब्रुवारीतल्या अमावास्येचा — म्हणजे आठवडा उत्तम आहे, माझ्या तक्त्यात तोच पहिल्या नंबरला आहे, हे बघा, हिरव्या शाईनं लिहिलाय — पण घोडं अडलंय घरात. नेमकी त्याच आठवड्यात बायको ताईकडे राहायला चाललीय. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा गुडघा दुखतो. आता मला सांगा, गुडघ्याला आठवडाभर सोबत लागते का? लागते, म्हणाली ही. बरं बाई, जा. म्हणून म्हणतो, सहलीला मार्चमधली अमावास्या धरा. सहा माणसं. मी, बायको, ताई, भावोजी, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. उत्तर ध्रुवाकडे आकाशात दिसतात ते हिरवे दिवे बघायचे म्हणजे काळोख पाहिजे, चंद्र नको, ढग नको आणि माणसं जागेवर पाहिजेत. चंद्राचं आणि ढगांचं होईल काहीतरी, माणसांनी मात्र नाकी नऊ आणलेत माझ्या.

तीन वर्षं झाली या गोष्टीला. पहिल्या वर्षी सगळे तयार होते, पिशव्या भरायच्याच बाकी होत्या — मीच म्हटलं थांबा, यंदा ढगांचा भरवसा नाही. दुसऱ्या वर्षी ताईनं परस्पर तारीख काढली, आणि कुठली काढली? ऐन पौर्णिमेची! कपाळावर हात मारला मी. तिसऱ्या वर्षी भावोजींचे बूट. अहो, पातळ तळव्याचे बूट घालून बर्फात उभं राहणार होते ते! रद्द केलं. सरळ रद्द. तेव्हा धाकटा म्हणाला, दादा, जरा बोटं गार पडली तर काय आभाळ कोसळणार आहे का? मी काही बोललो नाही. म्हणजे बोललो. बराच वेळ बोललो. घरात मला मुकादम म्हणतात सगळे — लाडानं म्हणतात. तसा आहेच मी मुकादम, शीतगृहात, एकतीस वर्षं. गोठवलेले वाटाणे, मासे, सगळी खोकी माझ्या हाताखालून जातात. थंडी मला नका शिकवू.

म्हणून तर सराव ठेवला ना. मागच्या महिन्यात, रविवारी, शीतगृहाला सुट्टी असते तेव्हा. सहा खुर्च्या मांडल्या मोठ्या खोलीत, वाटाण्यांच्या थप्प्यांमध्ये. उणे अठरा. अर्धा तास बसायचं, बोलायचं नाही, मान वर करून छताकडे बघायचं — हसताय काय? तिथं रात्र रात्र आकाशाकडे बघावं लागतं, मानेला सवय नको? आठव्या मिनिटाला भावोजी उठले. म्हणाले, पुरे. मी दारापाशी उभा राहिलो. कोंडलं नाही हो कुणाला! दार आतून उघडतं. मी नुसता उभा होतो दारात, घड्याळ घेऊन. धाकट्याची बायको रडायला लागली. मी तिला समजावलं, रडू नकोस, डोळ्यातलं पाणी पापण्यांवर गोठतं — तर आणखीच रडायला लागली. बाहेर आल्यावर कुणी चहा घ्यायलासुद्धा थांबलं नाही. घरी जाताना ही म्हणाली, अहो, तुम्ही आम्हाला फिरायला नेताय की साठवून ठेवायला?

पण उपयोग झाला बरं का सरावाचा! तेव्हापासून सगळे सुतासारखे सरळ. काही विचारलं की, हो दादा, तू म्हणशील तसं. एक शब्द उलटा नाही. बायकोनं तर माझ्या फाईलमधल्या हातमोज्यांच्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. परवा नवा लाल कोट आणला, पासपोर्टचा फोटो काढून आली — आपणहून! मला वाटलं, पटलं एकदाचं हिला.

कसं आहे मॅडम, हे बघा — या डाव्या हाताची ही दोन बोटं. टाचणी टोचा, कळत नाही. पूर्वी आमचं दार आतून उघडायचं नाही. एकदा अडकलो, चाळीस मिनिटं. घरी कुणाला सांगितलं नाही, खोकं पडलं बोटांवर म्हणालो. उगाच घाबरले असते. आता ते म्हणतात मी जाच करतो. करत असेन. पण एकतीस वर्षं थंडी सोसली हो मी, आणि बघायला काय होतं? पांढऱ्या भिंती, एक ट्यूबलाइट आणि वाटाणे. एकदा तरी थंडीत उभं राहून काहीतरी चांगलं बघावं, आणि ही शेजारी असावी, एवढंच होतं मनात. जाऊ दे. तुम्ही नावं घाला.

आडनाव? मघाशी सांगितलं की. पुन्हा? — तेच. घरचा फोन कशाला हवाय? ठरवणारा मी इथं समोर बसलोय ना! आणि ती स्क्रीन कशाला फिरवलीत तिकडे? अहो, मागच्या कपाटाच्या काचेत दिसतंय मला. उलटं दिसतंय, पण बायकोचं नाव उलटं असलं तरी ओळखतो माणूस.

पाच.

एक, दोन — हो, पाचच. फेब्रुवारी. माझाच आठवडा, हिरव्या शाईचा. गुडघा म्हणे! — नाही, तुमचं काय चुकलं, तुम्ही आलेल्या माणसाचं काम केलंत. कधी ठरवलं हे त्यांनी? तारीख सांगा नुसती. — सोमवार. म्हणजे आदल्याच दिवशी आम्ही खोलीतून बाहेर आलो होतो. एक रात्रसुद्धा जाऊ दिली नाही. तीन वर्षं चालढकल करतात म्हणून मी ओरडत होतो, आणि एका सोमवारी सगळं जमलं त्यांना. मी त्यात नाही म्हटल्यावर जमलं.

काय? सहावी जागा आहे? अजून आहे म्हणता?

— नको. नका घालू नाव. मी गेलो तर वर कोण बघणार? सगळे माझ्याकडेच बघत बसतील, आता हा काय सांगतोय म्हणून. आठवडा बरोबर निवडलाय त्यांनी, दिसतील दिवे. मी आलो होतो हे बोलू नका. बायको कागद न्यायला येईल ना, तेव्हा ही पिशवी द्या तिला, ऑफिसकडून भेट म्हणून द्या. हातमोजे आहेत. सहा जोड — थांबा, एक काढून घेतो. आत पातळ घालायचे, वर जाड, आणि तिला सांगा की फोटो काढतानासुद्धा आतले — नाही. काही सांगू नका. घालेल तिची ती. पाणी नको मला. बोलवा पुढच्यांना, केव्हाचे ताटकळलेत.