अध्यक्षांशिवाय झालेली स्पर्धा

(दुपार उतरली आहे. पुढच्या खोलीत खाटेवर मुलगा उशीला टेकून बसला आहे. कावीळ उतरते आहे, पण डोळे अजून पिवळट. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि अभियंत्यांच्या मोठ्या संस्थेचा कॉलेजात जो विद्यार्थी चॅप्टर चालतो, त्याचा अध्यक्ष. चॅप्टरची सेक्रेटरी, त्याच्याहून एक वर्ष मागची, दाराशी चपला काढते आहे. आई दार अडवून उभी.)

आई: आणि फोनसुद्धा. तिथे शेल्फवर ठेव, मग आत ये.

सेक्रेटरी: काकू, मी नुसती भेटायला आलेय.

आई: तो लांबटांग पोरगाही नुसता भेटायलाच आला होता दवाखान्यात. याच्या हाताला सलाईन, आणि हा विचारतोय पोस्टरवर कुणाचं नाव आधी घालू. हाकलला मी त्याला. तुलाही हाकलीन हं, वाईट वाटून घेऊ नकोस.

सेक्रेटरी: नाही वाटणार. त्याला हाकलायलाच हवं होतं.

अध्यक्ष: आई, येऊ दे ना तिला. ये गं. बस. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतोय.

आई: बघ, पडल्या पडल्याही याला सगळ्यांचे पाय मोजायचे असतात.

अध्यक्ष: काड्यांच्या पुलांची स्पर्धा कशी झाली ते सांग आधी. दोन आठवडे झाले, मला कुणी एक अक्षर सांगत नाही. फोन हिने कुठे ठेवलाय देव जाणे. पाहुणे वेळेवर आले ना? त्यांना आणायला कोण गेलं होतं?

सेक्रेटरी: कुणीच नाही.

अध्यक्ष: कुणीच नाही म्हणजे?

सेक्रेटरी: त्यांना आणायचंय हे आम्हाला माहीतच नव्हतं. ते तुझ्या डोक्यात होतं. बिचारे बराच वेळ गेटवर उभे होते, वॉचमन आत सोडेना. शेवटी आपल्या चॅप्टरच्या सरांना फोन केला त्यांनी.

अध्यक्ष: आयुष्यभर पूल बांधलेला माणूस आहे तो. गेटवर उभा केलात त्यांना.

सेक्रेटरी: हॉलही मिळाला नाही. परवानगीचं तू तोंडी बोलून ठेवलं होतंस ना? ते हेडक्लार्क म्हणाले, मी त्या मुलाशी बोललोय, तुम्हाला ओळखत नाही. मग आम्ही जिन्याखाली मांडलं सगळं.

अध्यक्ष: जिन्याखाली.

सेक्रेटरी: हो. टेबलं आडवी लावली, मध्ये फट ठेवली, फटीवर पूल. आणि वजनंही नव्हती. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली...

अध्यक्ष: माझ्याकडे.

सेक्रेटरी: तुझ्या जुडग्यात. आणि जुडगा काकूंच्या पर्समध्ये.

आई: मला काय ठाऊक ती कसली किल्ली. हा एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडला, लोकांनी उचलून आणलं, त्याच्या खिशातलं सगळं माझ्या हातात दिलं त्यांनी. आठवडाभर अंगात ताप घेऊन हिंडत होता हा, प्रायोजक आणि पत्रकं आणि बॅनर करत. मी विचारलं की म्हणायचा, ऊन लागलंय. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं अंगावर काढलं असतं तर लिव्हर हाती लागलं नसतं. आणि मी किल्ल्या बघत बसू?

सेक्रेटरी: तुमची काही चूक नाही काकू.

अध्यक्ष: मग भार कसा दिलात?

सेक्रेटरी: बादली टांगली. आणि मगाने पाणी ओतत गेलो, काड्या मोडेपर्यंत.

अध्यक्ष: पाण्याने? अगं, दर मगाला पाणी सारखं पडतं का? निकाल कसा लावलात?

सेक्रेटरी: नाही लावता आला. पहिल्या वर्षाच्या त्या दोन मुलींचा पूल होता ना, आइस्क्रीमच्या काड्यांचा, वेडावाकडा? बादली काठोकाठ भरली, बाहेर सांडायला लागली, तरी तो मोडेना. आणि बादली किती लिटरची हे आम्ही आधी बघितलंच नव्हतं. पाहुणे तोवर निघूनही गेले होते. चिडले होते. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं, सगळ्या मजल्यावर ऐकू येईल असं बोलले.

अध्यक्ष: म्हणजे संपलं. वार्षिक अहवालात हा कार्यक्रम धरणारच नाहीत. उत्कृष्ट चॅप्टरची फिरती ढाल इतकी वर्षं सलग आपल्याकडे होती, ती या वर्षी गेली. सगळी वाट लावलीत तुम्ही.

सेक्रेटरी: हो. ढाल गेली.

अध्यक्ष: आणि हे तू इतक्या शांतपणे सांगतेस?

सेक्रेटरी: घरी जाऊन रडून झालंय माझं. पण दादा, एक सांगू? मुलं गेली नाहीत. आपल्या भाषणांना मुलं येतात, सही करतात, प्रमाणपत्र मिळणार का विचारतात आणि मधल्या सुट्टीत पसार होतात. तू दाराशी उभा राहतोस म्हणून बसतात ती. त्या दिवशी दाराशी कुणी नव्हतं, दारच नव्हतं. निकाल लागणार नाही हेही कळलं होतं. तरी चपला भिजवत सगळी तिथेच. वाद घालत होती, की हा मोडत का नाही. कॅन्टीनवाल्याने येऊन दिवे लावून दिले.

अध्यक्ष: तेवढ्याने चॅप्टर चालत नाही.

सेक्रेटरी: माहीत आहे.

अध्यक्ष: तुला वाटतं मला हौस होती सगळं एकट्याने करायची? करायला कुणी पुढे येत नाही. आलं तर अर्धवट करतं. पत्रावर चुकीचं नाव, बॅनर उलटा. मग ते निस्तरायचं मलाच. त्यापेक्षा पहिल्यापासून आपणच केलेलं बरं. जाऊ दे. सोमवारी मी येतो. पाहुण्यांच्या घरी जाऊन माफी मागतो, सर आणि मी प्राचार्यांना भेटतो...

आई: कुठे येतोस? डॉक्टरांनी दोन महिने उंबरा ओलांडू नकोस म्हटलंय. परीक्षा तोंडावर आली आहे, आणि हजेरी कमी म्हणून आधीच पत्र आलंय कॉलेजचं.

अध्यक्ष: रिक्षाने जाईन, रिक्षाने येईन.

सेक्रेटरी: दादा, तू येऊ नकोस.

अध्यक्ष: तासाभराचं तर काम आहे.

सेक्रेटरी: तसं नाही म्हणत मी. काल बैठक झाली आपली. सगळी कार्यकारिणी होती, सरही होते. आम्ही ठरवलं की अध्यक्षपद तुझ्याकडे नको. आत्ताही नको, बरा झाल्यावरही नको. ते तुला फोनवर किंवा चिठ्ठीने कळू नये, म्हणून मी आलेय.

आई: काय म्हणालीस?

सेक्रेटरी: काकू...

आई: थांब. मला नीट कळू दे. या पोराने दोन वर्षं घराचं लॉज केलं. जेवायला यायचा, झोपायला यायचा. आजारी मावशीला भेटायला गेला नाही, का, तर तुमचे पाहुणे येणार. तुमच्यापायी रक्त पिवळं करून घेतलं त्याने. आणि तो खाटेवर असताना तुम्ही हात वर करून त्याला काढलात? मीच शिव्या घालत होते तुमच्या चॅप्टरला, पण मी त्याची आई आहे. तुम्ही त्याचं खाल्लंत. गरज सरो, वैद्य मरो, हेच ना?

अध्यक्ष: कुणी मांडला ठराव?

सेक्रेटरी: मी.

अध्यक्ष: तू? तुला पहिल्या वर्षी स्टेजवर बोलता येत नव्हतं. मी शिकवलं तुला.

सेक्रेटरी: हो. तूच शिकवलंस. आणि आणखी एक तूच शिकवलंस. कुणीही काहीही बनवून आणलं, गाडी असो की पंप, की तू पहिला प्रश्न हाच विचारायचास, यातला हा एक भाग बंद पडला तर बाकीच्याचं काय होईल? आम्हाला पाठ झालाय तो. काल पहिल्या वर्षाचा एक जण उठला आणि म्हणाला, हा प्रश्न आपण दादाबद्दल कधीच विचारला नाही. पाठीमागे सगळे तुला मेन स्विच म्हणतात. आम्हाला ते कौतुक वाटायचं.

अध्यक्ष: म्हणजे मी केलं तीच चूक.

सेक्रेटरी: तू केलीस, आम्ही करू दिली. आयतं मिळत होतं. तू बॅनर उलटा बघून चिडलास की आम्ही खूश, चला, सुटलो. रागावू नकोस, पण तू आलास की आम्ही पुन्हा तसेच होणार. तू नको म्हटलंस तरी होणार.

अध्यक्ष: रागावत नाही. पण एक लिहून ठेव. माझ्याशिवाय हा चॅप्टर वर्षभरही चालणार नाही.

आई: काय म्हणालास?

अध्यक्ष: काही नाही.

आई: नाही, म्हण परत.

अध्यक्ष: माझ्याशिवाय चालणार नाही, एवढंच म्हणालो. खरं आहे ते.

आई: पोरी, मघाशी मी तुला टाकून बोलले. बस, उठू नकोस. याचे बाबा कारखान्यात बॉयलरवर होते, हे तुला माहीत असेल.

सेक्रेटरी: हो. दादा सांगतो कधी कधी. म्हणून तो मेकॅनिकलला आला.

आई: बॉयलर त्यांच्यासारखा कुणाला कळायचा नाही, सगळा कारखाना म्हणायचा. साहेबांनी हाताखाली माणसं दिली, यांना एकही पसंत पडला नाही. हा वेंधळा, तो झोपाळू. व्हॉल्व्हला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तिथला भोंगा वाफेवर वाजायचा. गाव त्या भोंग्यावर उठायचं. शेवटच्या आजारात अंग भाजत होतं त्यांचं, धाप लागायची. मी दाराला आडवी झाले. तर म्हणाले, मी नाही गेलो तर भोंगा कसा वाजेल, माझ्याशिवाय चालणार नाही. याच शब्दांत. गेले, आणि बॉयलरपाशी बसले ते उठलेच नाहीत.

अध्यक्ष: आई, हे नको आत्ता.

आई: पुढचं तुला माहीत नाही. तू लहान होतास, शेजारी झोपवलं होतं तुला. रात्रभर मी त्यांच्या उशाशी बसले, आणि मनात एकच. उद्या भोंगा वाजणार नाही. एक दिवस तरी वाजणार नाही. सगळ्यांना कळेल कोण गेलं ते. आणि पहाटे वाजला. रोजच्या वेळेला, रोजच्यासारखा. त्या झोपाळ्या पोराने पेटवला होता बॉयलर. इतका राग आला मला. वर्षानुवर्षं तो वाजला की मी कानावर हात ठेवायची.

सेक्रेटरी: काकू, पाणी देऊ?

आई: नको. खूप उशिरा मला कळलं, की राग भोंग्यावर नव्हता माझा. त्यांच्यावर होता. त्यांना एकदा, फक्त एकदा म्हणता आलं असतं, की वाजवू दे दुसऱ्या कुणाला, वाजवेल वाईट, तर आज इथे बसले असते. दात पडले असते, कटकट करत असते, पण असते. आता तू तेच म्हणालास, त्यांच्याच आवाजात. मला दुसऱ्यांदा ऐकायचं नाही ते.

अध्यक्ष: कधी बोलली नाहीस हे.

आई: तू घरी असायचास कधी?

सेक्रेटरी: मी निघते काकू. पुन्हा येईन.

अध्यक्ष: थांब. नवा अध्यक्ष कोण?

सेक्रेटरी: नाव कागदावर माझं लागेल, आज सहाच्या बैठकीत. पण प्रत्येक कामाला दोघं ठेवलेत. एक जुना, एक नवा.

अध्यक्ष: गोंधळ होईल.

सेक्रेटरी: होईल.

अध्यक्ष: ते हेडक्लार्क... त्यांना अर्ज देऊन उपयोग नाही. त्यांच्या बागेत लिंबाची झाडं आहेत. आधी झाडांचं विचारायचं, मग हॉलचं. मी वर्षभर विचारत होतो, खरंच आवडायला लागली मला ती झाडं. आणि पाहुण्यांकडे माफी मागायला एकटी जाऊ नकोस, दोघं जा. ते खडूस वाटतात, पण तो न मोडलेला पूल बरोबर न्या. त्यांना तो बघायला आवडेल. बादलीचं खरं ते सांगा, लपवू नका.

सेक्रेटरी: नेते.

अध्यक्ष: आणि प्रयोगशाळेच्या त्या कपाटाला... नाही. तुम्ही बघा ते.

सेक्रेटरी: बरा झालास की येशील ना रे? नुसता बसायला?

अध्यक्ष: या वर्षी नको. मी मागच्या बाकावर बसलो तरी सगळे मान वळवून बघतील. तू येत जा इथे. पण बैठकीत काय झालं ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस.

आई: विचारेल हा.

सेक्रेटरी: विचारू दे. येते काकू.

अध्यक्ष: आजही बैठक आहे ना तुमची? पोचायला उशीर होईल तुला.

सेक्रेटरी: झाला तर झाला. माझी वाट न बघता सुरू करा म्हणून सांगून आलेय.

आई: सावकाश जा गं. पुढच्या वेळी जेवायला ये. मघाचं मनात ठेवू नकोस... गेली. गोड आहे पोरगी. तू पड आता, फार बोललास.

अध्यक्ष: आई, तुझा हात दे जरा.

आई: हा घे. ताप आहे का बघू? नाही. मग डोळ्यांत पाणी का?

अध्यक्ष: किती वाजले?

आई: सहा होऊन गेले.

अध्यक्ष: बैठक सुरू झाली असेल आता.

आई: झाली असेल, बाळा.