लग्नापुरती कवळी

नवी मुंबईत, उलव्यातल्या दातांच्या दवाखान्यात मी सुजलेला गाल धरून बसलो होतो. शेजारी साताऱ्याकडचे आजी-आजोबा, समोर काउंटरवरची मुलगी. बोलायची सोय नव्हती, म्हणून ऐकत होतो.

"आजोबा, कवळी सैल झालीय म्हणून फोन केला होतात ना? द्या इकडे."

"घरी हाय की."

"घरी? मग डॉक्टर काय बघणार?"

"आता दवाखान्यात यायला कुनी कवळी घालतं व्हय?"

"अगं पोरी," आजी म्हणाल्या, "ह्ये फकस्त लग्नाला घालत्यात."

"आणि जेवताना?"

"लग्नात बी जेवायच्या येळंला काढून रुमालात बांधत्यात. खराब हुईल म्हनून."

"अहो आजोबा, कवळी रोज वापरायची. रात्री काढून पाण्यात ठेवायची. ब्रशने धुता तरी का?"

"घातलीच न्हाय, तर घान कशानं हुईल?"

"सांग पोरी," आजी म्हणाल्या, "तूच सांग. दुधात भाकरी कुस्करून माझं हात दुखाय लागलं. समद्या पावन्यांनी ह्यांचं दात बघितलं. विहिणीनं बघितलं, फोटोवाल्यानं बघितलं. माझ्या वाट्याला मातुर ह्ये बोळकं!"

"तुला गं कशाला दाखवायचं?"

"का? मी मानूस न्हाय?"

"तू माझं खरं दात बघितल्यात की."

आजी काउंटरवरच्या मुलीकडे वळल्या.

"त्ये बी तंबाखूनं काळंकुट्ट हुतं."