मौलाचाचांची बरसी आणि तापलेलं डांबर

खून केलाय तुम्ही लोकांनी त्या माणसाचा, खून! डॉक्टर म्हणतात दम्यानं गेला… म्हणू देत! तुम्हाला सांगतो, ज्याचं वाजवणं कुणी ऐकत नाही तो मरत नसतो, मारला जातो! रहिमतपूरचे आमचे मौलाचाचा हो! पंधरा वर्षं मुंबईच्या हॉटेलांत सॅक्सोफोनवर जॅझ वाजवला, मग गावी येऊन बँड काढला आणि सातारा-सांगलीतल्या निम्म्या बँडवाल्यांना ती खोड लावली. खोड कसली? धून घ्यायची, तिला सोडून रानोमाळ हिंडायचं, मनात येईल तेव्हा घरी परतायचं! आणि ऐकलं कुणी? वऱ्हाडी म्हणायचे, "ओ चाचा, गाण्यावर या!"

तर परवा त्यांची पहिली बरसी, आणि नेमकी त्याच दिवशी तासगावात राजवर्धन नावाच्या नवरदेवाची वरात. मे महिना, भर दुपार, चाचांचा सॅक्सोफोन माझ्या गळ्यात. ठरवलं, आज तासगावला चाचा ऐकवायचेच! चाचांचा मुलगा अमीरभाई, बँडचा मालक, हात जोडून म्हणाला, "तौसीफ, गड्या, तुझं बीए झालंय ही काय माझी चूक न्हाई. सरळ वाजव. सगळी डीजे लावत्यात, ही सुपारी लय मुश्किलीनं गावलीय." ऐकलं कुणी? हे मात्र मीच नाही ऐकलं!

नागाची धून धरली आणि नवरदेवाचा मामा सयाजी, शंभर किलोंचा ऐवज, दातांत रुमाल धरून धाडकन डांबरावर आडवा! आता रिवाज असा, की धून संपल्यावरच नागानं उठायचं. आधी उठला तर इज्जत गेली. आणि मी? मी धून सोडली! काय सूर लागत होते म्हणून सांगू… डोळे मिटलेले, वाटत होतं चाचाच फुंकतायत! ढोलवाला धनाजी कानाशी बोंबलतोय, "परत ये रं! मामा भाजतोय!" मामा आधी कोपरांवर, मग गुडघ्यांवर, मग नुसता पोटावर… सात मिनिटं!

मग नाग उठला. पहिली थप्पड अशी बसली, की सॅक्सोफोनमधून निघालेला सूर चाचांनाही कधी सापडला नव्हता! दुसरा दणका खुद्द सॅक्सोफोनचा, माझ्या टाळक्यात. धनाजीनं मामाच्या डोक्यात ढोल घातला, तो फुटून मामा आत अडकला. राजवर्धन घोड्यावरून उतरून मुंडावळ्यांसकट अमीरभाईच्या छातीवर बसला. नवरीकडच्यांना काय वाटलं कोण जाणे, ते खुर्च्या घेऊन धावले आणि आपल्याच व्याह्यांना बडवायला लागले! मी रक्त पुसत ओरडतोय, "अरे, परत येणारच होतो! चार मात्रा थांबा!" ऐकलं कुणी?

नऊ टाके! तिथंच, चौकातल्या दवाखान्यात. सॅक्सोफोनचं तोंड चेपून पार चपातीसारखं. शेजारच्या खाटेवर अमीरभाई, एकच डोळा उघडतोय, तोही भिंतीकडं. म्हणाला, "उद्यापास्नं बँड बंद."

झालं! संपले चाचा… तेवढ्यात फरशी पुसणारी मायामावशी खाटेशी थांबली.

"मगाशी चौकात वाजवत हुता, ते तुमीच न्हवं? लय ग्वाड हुतं बगा. हातातलं काम सोडून खिडकीत हुबी हुते मी… आवं, मग मधीच बंद का केलंसा?"