गोवरी धरणारी भिंत

“मानसाच्या मेंदूत तार बसवाचा जमाना आला, रुख्मिणी! आता यमालेही इचारून या लागन!”

“पहिले सदऱ्याचं बटन लावा.”

“लावून राह्यलो न!”

अकोल्याच्या दवाखान्यात शेजारी गुडघा दाखवायला बसलेले देवानंदराव आपलं दुखणं विसरले आणि पेपर नुसताच डोळ्यांपुढं धरून बसले. कंपवातानं खुशालरावांचे हात थरथरत होते, बटण काजात जाईना. तो कंप थांबवणारी तार मेंदूत बसवायच्या ऑपरेशनला हो की नाही, ते डॉक्टरांना आजच सांगायचं होतं; म्हणून भाची साधनाही सोबत आली होती.

“साधना, तुह्या लॅबमधी त्या तारीले काय करून राह्यल्या तुमी?”

“खरबरीत करून राह्यलो, मामा. केसाहून कितीतरी बारीक खरबरीत. मेंदूच्या पेशी तिले चांगल्या चिकटतात का, ते पाहतो.”

“चिकटतीनच! भातकुलीच्या मातीच्या भिंतीवर तुह्या मामीनं गोवरी थापली का पंज्याच्या ठशासकट बसे.”

“अन् तुमीच तिथं टाइल लावली. गोवरी घसरे, दोडक्याचा वेलही चढेना.”

“केवढासा पंजा होता तुहा तवा, रुख्मिणी.”

“पण मामा, तुमाले साधीच तार बसन. आमच्या तारीले अजून वर्षं लागतीन.”

“साधी टिकते?”

“टिकते. कितीक लोकायची टिकली.”

“मंग हो म्हणून सांग. मले तिच्यावर कुठी गोवऱ्या थापाच्या हायेत? बटन लावाचं हाय फक्त.”

“सांगू मंग?”

“सांग. अन् रुख्मिणी, आजच्या रोज तू लावून दे न.”