गोरी पल्टन घरी निघाली

बसा हो ज्ञानोबा पाव्हणं, असं उठायचं न्हाय — तामलवाडीवरनं उन्हात आलाव, पानी तरी घ्या. घोटभरच हाय, तेरणा कोरडी पडलीय. भैनीला, माझ्या सुनंला न्यायला आलाव, तिचा पाट लावायचाय — समजलं मला, म्या काय बहिरा हाय? पर माझं रामकिसन मेलंय असं कोन म्हनतं? पल्टनीनं कळवलं, व्हय. काय कळवलं? तो बसलेलं इमान उडालं ते सापडंना. इमान सापडंना म्हंजी मानूस मेला व्हय? आवो, ते लढाया गेलंच न्हवतं! व्हिएतनामात दोघं भांडायलेत, आपल्या सरकारनं मधी पंच धाडले, त्या पंचांच्या राखणीला माझं लेकरू. पंचाच्या मानसाला कोन मारतंय?

इमान जंगलात उतरलं आसंल. हुडकाया जावं तर वरनं बाँब. पैल्यांदा अमेरिकेनं फौज वाढवली — रेडूवर ऐकलं आन् म्या खुळ्यानं वस्तीत साखर वाटली! म्हनलं, आता झटक्यात मिटंल, मग हुडकतील. कशाचं काय! आनखी फौज, आनखी फौज, आन् माझ्या लेकराकडं कुनी फिरकंना. त्याच अमेरिकेची लाल मिलो जवारी खाऊन आमी दुष्काळी कामावर खडी फोडतो, घशाखाली उतरत न्हाय मेली. पर ऐका — चावडीवरल्या रेडूनं सांगितलंय, करार झाला, गोरी पल्टन घरी निघाली! शेवटला शिपाई गेला की जंगल मोकळं. येवढी वर्सं दम काढला, आन् आत्ताच तुमाला घाई?

हसू नगा. तिकडं समदी बुद्धाचीच मानसं. आमी छप्पन साली दीक्षा घेतली तवा रामकिसन त्रिसरण कसं खणखणीत म्हनायचा! तिथल्या भंतेजींनी ते ऐकलं, तर आपलाच म्हनून इहारात ठेवून घेतला आसंल. व्हय, निरोप न्हाय. सात-आठ वर्सं झाली, न्हाय. पटंना तुमाला? मला तरी कुठं पटतंय वो! खडी फोडता फोडता हात थांबतो, वाटतं, गेलं लेकरू. मग म्होरं सून दिसती, केशर, गळ्यात त्याच्या नावाची पोत — म्हनतो, हिनं काढली न्हाय, म्हंजी हाय तो. तिच्या जिवावर हाय वो तो जित्ता! तिला नेलीत की म्या कुनाकडं बघू? पाया पडतो, समदी पल्टन निघूस्तवर थांबा —

कोन? केशर? हे गठुडं कशाला बांधलंस? सांग तुज्या भावाला, येत न्हाय म्हनून. सांग की. — रडू नगंस. तूच बोलावलंस व्हय त्याला? कवा? — रेडूवर बातमी आली त्या दिशी? लढाई मिटली तरी कुनी त्याचं नाव काढलं न्हाय, म्हनून?

बरं. दे ते गठुडं हिकडं.

उठा पाव्हणं. यष्टी जाईल. न्या तिला.